उसात पोहोचणारं नाव

शिकारी कुत्र्याचं नाव ठेवणं हे पोराचं नाव ठेवण्याहून अवघड, असं आमचे आबा म्हणायचे. पोराचं नाव आत्या ठेवते, आणि ते बरं निघालं नाही तर जन्मभर आत्याला बोल लावता येतो. कुत्र्याला आत्या नसते. आबा म्हणजे माझे आजोबा. म्हसावदहून सातपुड्याकडे जाताना जिथं डोंगर अंगावर येऊ लागतो तिथं आमचं गाव, आणि गावाबाहेर नाल्याला लागून आमचा ऊस. ऊस कमरेला आला की डोंगरातली रानडुकरं उतरून त्यात मुक्कामालाच येत, पिल्लं घालत, आणि आम्ही लावलेलं आमच्याआधी खात. शिकार या शब्दाला तेव्हाही सरकारची बंदी होती, म्हणून आमच्याकडे त्याला ‘राखण’ म्हणत. राखणीला कुत्रा लागे आणि कुत्र्याला नाव लागे.

नावाचे नियम ठरलेले होते. ते दोन अक्षरी हवं, कारण डुक्कर समोर असताना तिसरं अक्षर बोलायला कुणाला सवड नसते. शेवटी ‘आ’ हवा, म्हणजे ओढून म्हणता येतं आणि उसाच्या पाल्यातून पार जातं. ‘धर’, ‘सोड’, ‘छू’ यांच्याशी ते जुळता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टोळीतल्या कुठल्याही माणसाचं ते नाव असता कामा नये. उसात काठ्या-भाले घेतलेली माणसं एकमेकांना दिसत नसतात; कुत्र्याला मारलेल्या हाकेनं भलताच माणूस वळला, तर डुक्कर राहतं बाजूला. एवढं सगळं जुळलं की नावाची परीक्षा होई. माझे वडील, त्यांना आम्ही बापू म्हणत असू, विहिरीच्या काठावर उभे राहून ते नाव पुकारत आणि आबा उसाच्या पार पलीकडच्या बांधावर कानाला हात लावून उभे राहत. ऐकू आलं तर आबा टोपी हलवत. माझ्या दोन्ही भावांची नावं इतक्या काळजीनं ठेवलेली नव्हती, हे त्यांच्याकडे पाहून आजही कळतं.

तो कुत्रा मात्र नाव घेऊनच आला. डोंगरातल्या एका पाड्यावरचा वेस्ता नावाचा माणूस दर वर्षी आमच्याकडे निंदणी-कापणीला यायचा. त्या वर्षी पाऊस तिकडे वर धड झाला नव्हता, आणि तो सगळं घरदार घेऊन सुरतेकडे कामाला निघाला होता. कुत्रा बरोबर नेता येईना. सकाळची वेळ होती. मोठी माय चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती, आई ठेचा वाटत होती, आणि मी पहिल्या भाकरीवर डोळा ठेवून बसले होते. वेस्ता ओट्याशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातातल्या दोरीला एक तांबूस, लांब पायांचा, फाटक्या कानाचा कुत्रा होता. अंगणात बापू होते. वेस्ता त्यांना म्हणाला, “बापू, हाई कुत्रं तुम्हले. डुक्करले भीत नही. याचं नाव हिरा शे. दुसरा नाववर येस नही.”

मोठ्या मायचा हात परातीत थांबला. आईनंही वरवंटा थांबवला. चुलीवरची भाकर जळाल्याचा वास आला तरी कुणी ती उलटेना, शेवटी मीच चिमट्यानं उलटली आणि बोट भाजून घेतलं.

मोठी माय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. काकांचं नाव हिरामण. आबा त्यांना हिरा म्हणायचे. मी जन्मायच्या आधीच काका गेले, आणि तेव्हापासून आबांनीही ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. बायकांचा तर प्रश्नच नव्हता. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, अशी समजूत. दिराचं, सासऱ्याचं घेतलं तर घराची अब्रू कमी होते. माझी आई धाकटी सून, तिलाही थोरल्या दिराचं नाव घेता येत नव्हतं. लग्नात मोठ्या मायला उखाणा घ्यायला लावला तेव्हा तिनं नाव इतकं तोंडातल्या तोंडात पुटपुटलं होतं म्हणे, की नणंदांनी तीनदा कान पुढे करूनही ते कुणाला ऐकू आलं नाही. नावाशी मिळताजुळता शब्दही ती टाळायची. हिरव्या मिरचीला ती ‘कच्ची मिरची’ म्हणायची. हिरव्या पातळाला पोपटी. आम्ही पोरं मुद्दाम रानाकडे बोट दाखवून विचारायचो, “मोठी माय, रान कसं दिसस?” ती म्हणायची, “देवनी दयानं चांगलं दिसस,” आणि आमच्या पाठीत धपाटा घालायची. काकांचं आयुष्य तर कधीच संपलं होतं. ते नाव राखून आता ती काय वाचवत होती, हे तिला विचारायची छाती कुणाची नव्हती.

आज माझी सून नवऱ्याला, म्हणजे माझ्या मुलाला, चारचौघांत नावानं हाक मारते. ‘ए’ही लावते. मी स्वतः जन्मभर ‘अहो’वर भागवलं आणि गर्दीत चुकामूक झाली की पिशवी डोक्यावर धरून उभी राहिले. सून हाक मारते तेव्हा मला राग येतो असं तिला वाटतं. राग नाही येत. मोठी माय आठवते.

काका कसे गेले ते मला आईनं सांगितलं, तेही मी न्हातीधुती झाल्यावर. कालव्याचं पाणी भरायची पाळी होती. काका दारं मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, उसात शिरले. मोठी माय दुपारची भाकर घेऊन बांधावर आली. तिला मूलबाळ नव्हतं. मूल असतं तर त्याच्या नावानं हाक मारता आली असती, ‘अमक्याच्या बापा, भाकर आणली’, असं सगळ्याच बायका करायच्या. तिच्याजवळ नवऱ्याला बोलवायला शब्दच नव्हता. तिनं टाळ्या वाजवल्या, बांगड्या वाजवल्या, तांब्यावर वाटी वाजवली. पाणी लांबच्या सरीला असेल, येतीलच, म्हणून भाकर झाकून बसून राहिली. ऊन कलल्यावर शेजारचे गडी आले. काका बांधापासून हाकेच्या आतच पडले होते. पायाला सापाचे दात होते. वेळेवर कळलं असतं तरी वाचले असते की नाही, कोण सांगणार? गावानं तिला तोंडावर कधी काही म्हटलं नाही. गावानं न म्हटलेलंच माणसाला जास्त ऐकू येतं.

तर असं ते नाव दोरी बांधून आमच्या दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि शेपूट हलवत होतं. वेस्ताला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो चहा पिऊन गेलाही. आबा शेतातून आले, बापूंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. आबांनी कुत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “नाव बदला. नही ते परत दी या.”

“कोनले परत दिसू?” बापू म्हणाले. “तो ते घरदार लिसन सुरत गया.”

“मंग बदला.”

आणि आमच्या घरात नावं शोधायचा हंगाम सुरू झाला. चोरटा हंगाम म्हणायला हवा, कारण का शोधतोय ते मोठ्या मायसमोर कुणी बोलायचं नाही असं न ठरवताच ठरलं होतं. म्हसावदच्या बाजारातले दुकानदार शेठ राजस्थानचे, मांजरालाही घाबरायचे, पण त्यांनी ‘बहादूर’ सुचवलं. चार अक्षरं म्हणून ते बाद झालं. ‘राजा’ हे शेजारच्या बैलाचं नाव होतं. ‘वाघ्या’ गावात आधीच चार होते, त्यातला एक आंधळा. मी शाळेच्या पुस्तकातून ‘बादल’ काढून आणलं. आबा म्हणाले, “बादल येतस आनी जातस. कुत्रं ऱ्हावाले पाहिजे.” शेवटी ‘शेरा’वर एकमत झालं. दोन अक्षरं, शेवटी ‘आ’, गावात त्या नावाचं कुणी नाही. बापूंनी विहिरीवरून हाक दिली, आबांनी पलीकडून टोपी हलवली. नाव पास झालं. फक्त कुत्र्याला कुणी विचारलं नव्हतं.

दुधात कुस्करलेली भाकर पुढे धरून बापू दोन-दोन तास “शेरा, शेरा” करत बसायचे. कुत्रा भाकर खायचा, त्यांचा हात चाटायचा, आणि मग ‘शेरा’ कोण म्हणून मागं वळून बघायचा. शीळ घातली की यायचा, काठी आपटली की यायचा. शेरा म्हटलं की कान हलायचा, तेवढंच. बापू हट्टी माणूस, त्यांनी घरात-शेतात सगळ्यांना सक्तीच केली, की जुनं नाव चुकूनही घ्यायचं नाही. महिन्या-दोन महिन्यांत आमच्या सगळ्यांच्या जिभेला ‘शेरा’ असा बसला की जुनं नाव आम्ही खरंच विसरलो. घरात आता त्या नावाची आठवण एकाच माणसाला होती, आणि त्याच माणसाला ते उच्चारायची मुभा नव्हती. पण हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटायचं, सगळं कसं बेस जमून गेलं.

पहिले काही दिवस मोठ्या मायनं कुत्र्याकडे बघितलंही नाही. तो ओसरीवर आला की ती आत जायची. पण घरात सगळ्यात आधी उठायची ती, चूल पेटवायची ती, आणि शिळी भाकर तिच्याच हाती. कुत्र्याला माणसांच्या रीतीभाती कळत नाहीत. तो रोज पहाटे चुलीपासून दोन हातांवर जाऊन बसायचा आणि तिच्याकडे बघायचा. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याचा भोंगा वारा बरा असला तर आमच्यापर्यंत यायचा, तो ऐकून कुत्रा मान वर करून रडायचा, आणि एके दिवशी मोठी माय त्याला म्हणाली, “काय व्हयनं रे? तुन्हं कोन गयं?” त्या दिवसापासून तो तिचा झाला. ती त्याला कुठल्याच नावानं बोलवायची नाही. नुसतं “ये रे” म्हणायची, तेही हळूच, आणि तो अंगणाच्या कोपऱ्यातून यायचा. डाळीचे फुणके केले की त्याच्यासाठी दोन बिनमिरचीचे वेगळे वाफवायची. आई हसून बापूंना म्हणायची, “तुम्ही बसा नाव ठेवत. जिजीनं बिननावाचाच ठेवून घेतला.”

एकदा मी तिला विचारलं, “मोठी माय, शेरा नाव चांगलं शे ना?” ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “चांगलंच शे.” मग खाली बघूनच म्हणाली, “पन तो शेरा नही शे ना, पोरी.”

ऊसतोडीला गाड्या आल्या तेव्हा थंडी होती. ऊस तोडत तोडत चहूबाजूंनी आत जातात, आणि शेवटी मधे एक तुकडा उरतो. उसातली सगळी जनावरं मागं सरत सरत त्या तुकड्यात गोळा झालेली असतात. तो तुकडा तोडायच्या दिवशी गावातली माणसं काठ्या, डबे, कुत्रे घेऊन येतात, कारण त्यातून काय बाहेर पडेल आणि कुठून, हे कुणालाच सांगता येत नाही. त्या दिवशी माणसं डोंगराच्या अंगाला उभी होती, डुकरं डोंगराकडे पळतात म्हणून. मी, आई आणि मोठी माय दुपारच्या भाकरी घेऊन अलीकडच्या बांधावर बसलो होतो. आमच्या बाजूला तोडलेल्या उसाचं मोकळं रान, आणि त्यापलीकडे शेजाऱ्याचा मका. मक्याभोवती उघडी तार होती. डुकरांसाठी असे तारेला आकडा टाकून लाईन जोडत; बेकायदा होतं, आणि सगळे करत. शेजारी दिवसा तार बंद ठेवायचा. पण त्या आठवड्यात लाईटची पाळी बदलली होती. रात्री लाईट नव्हती, आणि मेलेल्या तारेवरचा आकडा सकाळी काढायचं त्याला सुचलं नाही. भर दुपारी लाईट आली. चारी दिशांच्या विहिरींवरच्या मोटरी एकदम धडधडायला लागल्या. आम्ही त्या आवाजानं खूशच झालो, पाणी सुटलं म्हणून.

तेवढ्यात उसाचा तुकडा फुटला. एक मोठं डुक्कर डोंगराकडे न जाता आमच्या बाजूनं बाहेर पडलं आणि मोकळ्या रानातून सरळ मक्याकडे निघालं. त्याच्या मागं कुत्रा. कान मागं, पोट जमिनीला. मक्याच्या पलीकडून शेजाऱ्याचा गडी दोन्ही हात वर करून बोंबलत पळत येत होता, “तारमा लाईट शे! ओ, तारमा लाईट शे!” डुक्कर तारेवर गेलं. एक आवाज झाला, आणि ते जनावर, बैलाएवढ्या ताकदीचं, जागच्या जागी आडवं झालं. कुत्रा त्याच्याकडेच धावत होता. आपण पकडलंच, असं त्याला वाटलं असणार.

उसाच्या तुकड्याच्या पलीकडून बापूंचा आवाज आला, “शेराऽऽ!” आबांचा आला. आई ओरडली, “शेरा!” मी ओरडले, घसा फाटेपर्यंत, “शेरा, शेरा, शेरा!” पुरुष लांब होते, त्यांची शीळ मोटरींच्या आवाजात बुडाली. सगळं रान त्या एका चांगल्या, दोन अक्षरी, परीक्षा पास झालेल्या नावानं भरून गेलं, आणि कुत्रा थांबला नाही. त्याला कुणी बोलावतच नव्हतं.

माझ्या शेजारी मोठी माय उभी राहिली होती. तिनं दोन्ही हात छातीशी धरले होते. तोंड उघडलं होतं, मिटलं, पुन्हा उघडलं. तिच्या गळ्याच्या शिरा मला दिसत होत्या. तिनं टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. एवढ्या रानात ती टाळी कितीशी जाणार? डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तो तिला कळला नाही. आणि मग ती ओरडली.

“हिराऽऽ!”

तिचा आवाज एवढा मोठा असेल असं आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. जन्मभर तो तिनं वापरलाच नव्हता. कुत्र्यानं धावता धावता पुढचे पाय रोवले, उसाच्या वाळल्या पाचटावरून घसरत गेला, कोलमडला आणि उठला. तार त्याच्या समोरच होती. तो वळला. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी आपल्याला ओळखल्यासारखा, कान पाडून, अंग हलवत तो आमच्याकडे पळत सुटला.

आईनं मला मिठी मारली. आम्ही दोघी रडत होतो, हसत होतो. गड्यानं जाऊन आकडा पाडला. कुत्रा आला, मोठ्या मायच्या पायांत घुसला, तिची बोटं चाटायला लागला. तिनं खाली पाहिलं नाही.

“हिराऽऽ!” ती पुन्हा ओरडली.

आईला वाटलं, तिला कळलं नाही. “जिजी, उना तो,” आई म्हणाली. “दखा, पायजवळ शे.” मोठ्या मायनं आईचा हात बाजूला केला आणि दोन पावलं पुढे गेली. तिचं तोंड मक्याकडे नव्हतं, कुत्र्याकडे नव्हतं. ते उरलेल्या उसाकडे होतं. “हिराऽऽ! ओ हिराऽऽ!”

उसाला वळसा घालून माणसं धावत आली आणि ती दिसताच जागीच थांबली. तोडणाऱ्यांनी कोयते खाली केले. बापू पुढे झाले. “वहिनी,” ते म्हणाले. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा बांधावर बसले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

“बोलू दे तिले,” आबा म्हणाले.

मग कुणीच काही केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतं. आम्ही सगळे तिथं उभे राहिलो, भाकरी उघड्या पडल्या, गाड्यांचे बैल घंटा हलवत राहिले, आणि मोठी माय उसाकडे तोंड करून, भाकर घेऊन आलेल्या बाईनं नवऱ्याला हाक मारावी तशी, त्याला नावानं हाका मारत राहिली.